मेदवृद्धि, प्राणवायूचा दाह आणि आपलें ताट
(महोत्सवानिमित्त धर्मग्रामाच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या मेजवानीच्या दिवसांत मेदवृद्धीवर बोलणें कित्येकांस रुचणार नाहीं, हें आम्ही जाणतों. तथापि पुष्कळ घरीं ‘अँटिऑक्सिडंट’ असें छापलेल्या गोळ्यांच्या बाटल्या येऊं लागल्या आहेत, आणि स्थूल माणसानें त्या घ्याव्या कीं काय, असा प्रश्न वारंवार कानीं येतो. त्याचाच येथें विचार करूं.

लोखंड गंजतें, कापलेलें केळें काळवंडतें, तेल खवट होतें. हीं सर्व प्राणवायूचीं कामें होत. आपण खाल्लेलें अन्नहि देहांत प्राणवायूच्या साह्यानेंच जळतें, व त्या ज्वलनांतून कांहीं अतिचंचल कण निपजतात. शास्त्रज्ञ त्यांस मुक्त मूलक म्हणतात. ते सर्वस्वीं शत्रु नव्हेत. रक्तांतील कित्येक पांढऱ्या पेशी त्यांच्याच बळावर रोगजंतु मारितात. परंतु त्यांची निपज आवरेनाशी झाली म्हणजे पेशींतील स्निग्ध द्रव्यें व प्रथिनें यांस इजा पोहोंचते. हाच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. त्याला आळा घालणारीं द्रव्यें तीं अँटिऑक्सिडंट; त्यांपैकीं कांहीं देह स्वतः तयार करितो, कांहीं अन्नांतून घेतो.

आतां मेदाकडे वळूं. पोटांतील चरबी म्हणजे केवळ सांठवणीचें कोठार नव्हे. तिच्या पेशी प्रमाणाबाहेर फुगल्या म्हणजे तेथें भक्षक पेशी गोळा होतात, मंद दाह सुरू होतो आणि मुक्त मूलक वाढतात. इन्शुलिनचा निरोप मग पेशींस नीट पोहोंचत नाहीं, व मधुमेहाची वाट मोकळी होते. अमेरिकेंतील फ्रेमिंगहॅम येथें १९४८ सालीं सुरू झालेल्या हृदयरोगाच्या अभ्यासांत सुमारे २,८०० जणांची लघवी तपासली, तेव्हां या दाहाची खूण स्थूल मनुष्यांत अधिक आढळली. हें २००३ सालीं प्रसिद्ध झालें.

तर मग गोळी घेतली कीं काम झालें, असें वाटणें साहजिक आहे. शास्त्रज्ञांसहि तसेंच वाटलें होतें. फिनलंडांत २९,१३३ धूम्रपानी पुरुषांवर एक मोठा प्रयोग झाला. गाजरास रंग देणारें बीटा-कॅरोटीन गोळीच्या रूपानें दिल्यास फुप्फुसाचा कर्करोग घटेल, अशी अपेक्षा होती. १९९४ सालीं निकाल आला तो उलटा: गोळी घेणाऱ्यांत तो रोग १८ टक्के अधिक! अमेरिकेंतील तशाच दुसऱ्या प्रयोगांतहि अपाय दिसल्यामुळें तो १९९६ सालीं मुदतीपूर्वींच थांबवावा लागला.

आपल्या विषयास याहून जवळचा प्रयोग जर्मनींतील येना येथील आहे. तो २००९ सालीं प्रसिद्ध झाला. तरुणांकडून चार आठवडे व्यायाम करविला. त्यांपैकीं कांहींना क व ई जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रा दिल्या. गोळ्या न घेणाऱ्यांत इन्शुलिनचें कार्य सुधारलें, घेणाऱ्यांत सुधारलें नाहीं. व्यायामानें होणारा थोडासा दाह हाच देहाला स्वतःचें संरक्षण वाढविण्याची सूचना देतो, आणि गोळीनें ती सूचनाच दडपली, असा त्याचा अर्थ लावण्यांत आला. पुढील सर्व प्रयोगांचा निकाल असाच आला नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. पण पैसे मोजून व्यायामाचें फळ गमावण्याची शंकासुद्धां आम्हांस पुरेशी वाटते.

फळभाज्यांची गोष्ट निराळी. त्यांत हीं द्रव्यें अल्प प्रमाणांत, अनेक मिळून, चोथ्यासह व पाण्यासह येतात; पोट भरतें, चरबी वाढत नाहीं. पेरूंत क जीवनसत्त्व संत्र्याहून कित्येक पट अधिक असतें. आवळा, माठ, शेवग्याचा पाला हीं कांहीं दुर्मिळ नव्हेत. मात्र फळाचा रस काढून, वर साखर घालून पिणें म्हणजे चोथा टाकून गोडी ठेवणें होय. आणि तळणीचें तेंच तेल दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं पुनः तापविण्याची काटकसर आमच्या गृहिणींनीं सोडावी. तें तेल कढईंतच प्राणवायूनें बिघडलेलें असतें.

घरीं शिंप्याची फीत असेलच. कमरेचा घेर पुरुषाचा ९० व स्त्रीचा ८० सेंटिमीटरांपलीकडे गेला, तर आपल्या दक्षिण आशियाई लोकांत तज्ज्ञ ती धोक्याची खूण समजतात. घेर उतरूं लागला कीं दाहहि उतरतो. त्यास रोजचें चालणें व ताटांतील भात थोडा कमी, भाजी अधिक, एवढ्यापासून आरंभ करतां येतो.

गर्भवतीस दिलेल्या लोहाच्या व फॉलिक ॲसिडच्या गोळ्या, किंवा एखाद्या जीवनसत्त्वाची उणीव तपासून डॉक्टरांनीं लिहून दिलेलें औषध, यांस आमचें वरील बोलणें लागू नाहीं. तीं कोणीं बंद करूं नयेत.