लेकीच्या ग्रीन कार्डाची मुलाखत



आज जरा लांबच्या मुलखाचा विषय घेतलाय, पण तो आपल्याच एका गटाच्या बैठकीतून आलाय. करवीर तालुक्यातला गट. बचत गोळा झाली, इतिवृत्त लिहून झालं, सह्या झाल्या, आणि उठता उठता एक मावशी म्हणाल्या, "ताई, जावयानं पोरीचा अमेरिकेचा फॉर्म भरलाय. आता तिला मुंबईला मुलाखतीला बोलवणार म्हणे, आणि लग्न खरं हाय का ते विचारणार. सातशे माणूस जेवलं आमच्या दारात! खरं-खोटं ठरवणारा ह्यो कोण?"

सगळ्या हसल्या. मावशी काही हसल्या नाहीत. त्यांच्या पोटात गोळा आला होता आणि तो साहजिक होता, कारण पोरीचं तिथं राहणं या मुलाखतीवर ठरतं. म्हणून मी थोडं वाचलं, तिकडं नांदणाऱ्या आपल्याकडच्या दोन-तीन मुलींशी फोनवर बोलले, आणि जे समजलं ते आज सांगते.

आधी एक गोंधळ काढून टाकू. "पोरगी अमेरिकेला गेली" म्हटलं की आपल्याला सगळं एकच वाटतं. तसं नसतं. आपल्या भागातली बरीच मुलं कंपनीच्या कामाच्या व्हिसावर असतात, त्याला एच-वन-बी म्हणतात. त्यांच्या बायका एच-फोर व्हिसावर जातात. बायकोचा हा परवाना नवऱ्याच्या परवान्याला बांधलेला असतो, त्याचा संपला की तिचाही संपला. ग्रीन कार्ड म्हणजे कायम राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क. नोकरीवरून ते मिळवायचं तर भारतात जन्मलेल्यांची रांग फार वर्षांची आहे. नवरा अमेरिकेचा नागरिक असेल तर बायकोला रांग लागत नाही. तो स्वतः ग्रीन कार्डवाला असेल तर रांग आहे, पण नोकरीच्या रांगेपेक्षा पुष्कळ लहान. म्हणून स्थळ आलं की मुलाला पहिलं हे विचारायचं, की बाबा, तू तिथं कोणत्या कागदावर आहेस? "सेटल आहे" हे काही उत्तर झालं नाही.

लग्नाच्या आधारावर कार्ड मिळवायचं तर पहिला अर्ज नवऱ्यानं करायचा असतो. मुलगी इथं असेल तर मुलाखत मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकेच्या वकिलातीत होते, आणि तिथं खिडकीपुढं ती बहुतेक वेळा एकटीच असते. मुलगी आधीच तिकडं असेल तर दोघांना तिथल्या कार्यालयात एकत्र बोलावतात. उजवा हात वर करून खरं बोलायची शपथ घ्यायची, मग प्रश्न. साहेबाला शंका आली तर नवऱ्याला आणि बायकोला वेगवेगळं बसवून तेच प्रश्न दोघांना विचारतात आणि उत्तरं ताडून बघतात. न्यूयॉर्कमधल्या एका जुन्या खटल्यावरून त्याला तिकडं स्टोक्स मुलाखत म्हणतात.

एवढी शंका का, तर पैसे घेऊन, नुसतं कार्ड मिळावं म्हणून केलेली कागदावरची लग्नंही होतात. तिकडच्या कायद्यात त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आहे.

आपल्याला हे समजायला जड जाऊ नये, कारण कागदावरचे गट आपण पाहिलेत. रजिस्टर कसं, तर देखणं! सगळं एका पेनानं, एका बैठकीत लिहिलेलं. मग कर्ज मंजूर करायच्या आधी बँकेचा साहेब येतो. अध्यक्षांना बाजूला ठेवून कोपऱ्यातल्या बाईला विचारतो, "मागची बैठक कुणाच्या घरी झाली?" बाई अध्यक्षांच्या तोंडाकडं बघायला लागते. झालं, तिथंच सगळं उघडं पडतं. आणि खऱ्या गटात? एक म्हणते सरपंचांच्या सोप्यात झाली, दुसरी म्हणते नाही गं, ती त्याच्या आदली, या वेळी देवळात होतो. दोघींची तिथंच जुंपते. साहेब हसतो आणि पुढचं पान उलटतो. खऱ्या माणसांची उत्तरं थोडी मागंपुढं होतातच. लग्नाच्या मुलाखतीतही घोकलेली, शब्दाला शब्द जुळणारी उत्तरंच जास्त खटकतात.

प्रश्न तसे साधे असतात. पहिल्यांदा कुठं भेटलात, लग्नाला कोण कोण आलं होतं, सासूबाईंचं नाव काय, नवरा कामावर किती वाजता जातो, घरभाडं किती आणि ते कोण भरतं, मागच्या रविवारी काय केलंत. एकत्र राहत असाल तर पलंगाच्या कुठल्या बाजूला कोण झोपतं, हेही विचारू शकतात. तिथं लाजून गप्प बसलं तर साहेब वेगळाच अर्थ काढेल.

आपल्या मुलींना भीती वाटते ती ठरवून केलेल्या लग्नाची. मुलगा पंधरा-वीस दिवसांच्या रजेवर आला, बघण्याचा कार्यक्रम झाला, आठ दिवसांत अक्षता पडल्या आणि तो परत गेला. हे ऐकून साहेबाला खोटं वाटेल, म्हणून कुणीतरी शहाणा नातेवाईक सल्ला देतो, "सांग, कॉलेजपासून ओळख होती." असं अजिबात करू नका. मुंबईतल्या अधिकाऱ्यांपुढं अशी लग्नं रोज येतात. पोहे कुणी आणले, पत्रिका कुणी बघितली, होकार कुणी कळवला, हे जसं घडलं तसं सांगितलं तरी लग्न खरंच ठरतं. खोटं सांगितलेलं पकडलं गेलं तर मात्र तिकडची दारं कायमची बंद होऊ शकतात. प्रश्न कळला नाही तर "पुन्हा सांगा" म्हणावं, आठवत नसेल तर "आठवत नाही" म्हणावं.

फोटोंचंही बोलते. आपले फोटोवाले जोडीला पन्हाळ्यावर नेतात आणि धुरात उभं करतात. भिंतीवर लावायला छान दिसतं. पण साहेबाला बघायची असतात माणसं. हिची आजी, त्याचे वडील, हळद, पंगत, वरात. मावशींचे सातशे जेवणारे इथं कामी येतात! लग्नानंतर दोघं भेटली, कुठं गेली, त्याची तिकिटं, फोनवर रोज बोलतात त्याची नोंद, हे सगळं जपून ठेवायचं. मंगळसूत्र घालून गेलं म्हणजे पुरावा झाला, असं तिथं नसतं.

आता नावाचं बघू, कारण आपल्याकडं खरी अडचण इथं येते. लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवं नाव लिहायची हौस असते. माहेरचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, तिन्ही एका दिवसात बदलतात. मग शाळेच्या दाखल्यावर एक बाई, आधारवर दुसरी आणि पासपोर्टवर तिसरी. डॉ. आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. लग्नात आनंदी झाल्या, 1883 साली अमेरिकेला गेल्या, 1886 ला डॉक्टर झाल्या, आणि त्यांची नेमणूक झाली ती आपल्या कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात. कामावर रुजू व्हायच्या आधीच, 1887 च्या फेब्रुवारीत त्या गेल्या. आज त्या अर्ज घेऊन निघाल्या असत्या, तर यमुना आणि आनंदी एकच कशावरून, याचा कागद त्यांना आधी जोडावा लागला असता.

लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदलायलाच पाहिजे, असा आपल्याकडं कायदा नाही. माझं स्पष्ट मत आहे, की मुलीचं जन्मनाव राहू द्या. ताटात काय लिहायचं ते लिहा, तांदूळ काय, संध्याकाळी डब्यात जातात. बदलायचंच असेल तर राजपत्रात रीतसर छापून घ्या आणि मग सगळ्या कागदांवर एकच नाव, एकाच स्पेलिंगनं करा.

जन्माच्या दाखल्यासाठीही मुलाखतीच्या पत्राची वाट बघत बसू नका. आपल्याकडं घरी बाळंतपणं झालेल्या कितीतरी मुलींची ग्रामपंचायतीत नोंदच नाही. नोंद नसेल तर तसा दाखला घ्यावा लागतो, सोबत शाळा सोडल्याचा दाखला आणि आईवडिलांचं प्रतिज्ञापत्र. पोलिसांचा दाखला पासपोर्ट कार्यालयातून निघतो. आणि लग्नाची नोंदणी! महाराष्ट्राचा विवाह नोंदणीचा कायदा 1998 चा आहे, सुप्रीम कोर्टानं 2006 साली सगळ्या देशाला सांगितलं की नोंदणी सक्तीची करा, तरी आपण पत्रिकेवर आणि अल्बमवर समाधान मानतो. गावात हे काम ग्रामसेवकाकडं होतं. नवरा-नवरी, तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या भटजींची सही लागते. नवरा विमानात बसायच्या आधी हे उरकायचं, नंतर एका सहीसाठी सहा महिने थांबावं लागतं.

त्या मावशींच्या पोरीशी मी फोनवर बोलले. थोडी तयारी करून घ्यावी म्हणून प्रश्न विचारले. सासू, दीर, नणंद, नणंदेचा मुलगा, सगळ्यांची नावं तोंडपाठ. हुशार पोरगी. मग विचारलं, "नवऱ्याचा पगार किती?" ती म्हणाली, "असं कसं विचारायचं, ताई?" "कंपनीचं नाव?" "कॉम्प्युटरची आहे." "घर भाड्याचं की स्वतःचं?" "स्वतःचं असेल."

लग्नाला सात महिने झाले होते.

मी तिला सांगितलं, या मुलाखतीत नवऱ्यानं सही केलेला एक कागद लागतो. बायकोचा सांभाळ मी करीन, असं तो तिथल्या सरकारला लिहून देतो आणि आपल्या कमाईचे, कराचे कागद त्याला जोडतो. तिकडच्या सरकारनं गरिबीची रेषा ठरवली आहे, तिच्या सव्वापट तरी कमाई दाखवावी लागते. हा कागद तुझ्याच फायलीत असणार आणि तूच तो खिडकीतून आत सरकवणार. मग तुझ्या नवऱ्याचा पगार तुझ्याआधी त्या साहेबानं वाचावा का?

तिनं विचारलं. जावई आधी चाचपडला, मग दीड तास बोलला. पगार मध्यस्थानं सांगितला त्यापेक्षा कमी निघाला, घर भाड्याचं निघालं, आणि शिक्षणाचं कर्ज अजून फिटायचं होतं. मावशी चार दिवस धुसफुसल्या. पोरगी मात्र मला म्हणाली, "ताई, पहिल्यांदा वाटलं की हा माझ्याशी बोलतोय."

पुढच्या बैठकीत मी आपल्या बायकांनाच विचारलं. मालकांच्या नावावर सोसायटीचं कर्ज किती? उसाचं बिल कुठल्या खात्यावर येतं? सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे का? अकरा बायका होत्या. तिघींनी उत्तरं दिली, त्यातल्या दोघी विधवा. नवऱ्यानं अर्ज केला तर बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावणारी लक्ष्मी मुक्ती योजना 1992 पासून आहे, ती किती जणींना माहीत होती ते सांगत नाही. तलाठ्याकडं जाऊन तुम्हीच विचारा.

परत अमेरिकेकडं वळू, कारण एक गोष्ट पालकांना कुणी सांगत नाही. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत कार्ड मिळालं तर ते दोनच वर्षांचं असतं. 1986 च्या कायद्यानं ही अट आली. मुदत संपण्याआधीच्या 90 दिवसांत दोघांनी मिळून पुन्हा अर्ज करायचा, आम्ही अजून नांदतोय म्हणून पुरावे द्यायचे: दोघांच्या नावाचं बँक खातं, भाडेकरार, विम्यावरचं नाव. ही दोन वर्षं काही घरांत फार वाईट जातात. "तुझं कार्ड माझ्या हातात आहे" असं म्हणून मारहाण सोसायला लावणारे आहेत. पासपोर्ट कपाटात कुलूपबंद करणारे आहेत.

ते खरं नाही, हे पोरीला जायच्या आधी माहीत पाहिजे. मारहाण झाली असेल किंवा घटस्फोट झाला असेल, तर लग्न मनापासून केलं होतं हे दाखवून ती एकटी अर्ज करू शकते. 1994 च्या तिकडच्या एका कायद्यानं तर नागरिकाच्या किंवा ग्रीन कार्डवाल्याच्या छळात अडकलेल्या बायकोला नवऱ्याला न कळवता कार्डासाठी स्वतःचा अर्ज करता येतो, आणि कार्यालय त्याला ते सांगत नाही. जिवावर आलं तर तिकडं 911 फिरवायचा. न्यू जर्सीत "मानवी" ही संस्था 1985 पासून आपल्याकडच्या बायकांसाठी काम करते. इथून आईला तक्रार करायची असेल तर दिल्लीच्या राष्ट्रीय महिला आयोगात 2009 पासून परदेशी नवऱ्यांच्या प्रकरणांचा वेगळा कक्ष आहे, आणि 181 हा महिलांचा नंबर आहेच.

हे नंबर मुलीच्या मोबाइलमध्ये ठेवाच, शिवाय कागदावर लिहून तिच्या पर्समध्ये घाला. मोबाइल काढून घेता येतो. पासपोर्ट, लग्नाचं प्रमाणपत्र, जन्माचा दाखला यांच्या दोन-दोन रंगीत झेरॉक्स काढा, एक संच तिच्या बॅगेत आणि एक तुमच्या ट्रंकेत. मूळ कागद तिच्याच हातात, सासरच्या फायलीत नको. आणि ज्यांच्या घरी या मोसमात लग्न आहे, त्यांनी ग्रामसेवक गावात कोणत्या वारी असतात ते हॉल ठरवतानाच विचारून घ्या.