खिरीचे पातेले आणि पाण्याचा ड्रम

(वर्षावासातील व्याख्यानमालेत मोर्शी येथील विहारात दिलेले भाषण)



महाकारुणिक तथागत बुद्ध आणि बोधिसत्त्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना वंदन करून मी माझ्या बोलण्याला सुरुवात करतो. मंडळाच्या कार्यवाहांनी मला 'बौद्ध कुटुंब आणि सण' हा विषय दिला होता. सण कसे साजरे करावेत यावर माझ्यापेक्षा अभ्यासू माणसे या व्यासपीठावरून बोलून गेली आहेत. म्हणून मी आज आमच्याच घरचा एक बिघडलेला सण आपल्यापुढे मांडणार आहे. घरची गोष्ट चारचौघांत सांगू नये असे म्हणतात. पण ही सांगितलीच पाहिजे असे मला वाटते.

२३ मे २०२४, गुरुवार. वैशाख पौर्णिमा. पोरांच्या शाळांना सुट्ट्या होत्या, म्हणून पुण्याहून माझा धाकटा भाऊ, भावजय आणि त्यांची चार वर्षांची मुलगी आली होती. दोन बहिणी आपापल्या लेकराबाळांसह आल्या होत्या. मामा, आत्या, त्यांच्या सुना धरून घरात तीस माणूस. ऊन किती होते ते आपणास आठवत असेल. दोनच दिवसांनी अकोल्यात उष्णतेमुळे जमावबंदीचा आदेश काढावा लागला, इतके. कूलर एक, प्लगही एक, आणि माणसे दोन खोल्यांत. म्हणून मीच एक लांब वायर आणली आणि बोळीतून पलीकडच्या खोलीपर्यंत टाकून दुसरा कूलर लावला.

माझी आई पौर्णिमेला अष्टशील पाळते. बारा वाजल्यानंतर ती जेवत नाही. तिचे जेवण बाराच्या आत झाले पाहिजे आणि आधी वंदना झाली पाहिजे. सुजातेच्या खीरदानाची आठवण म्हणून त्या दिवशी आपल्याकडे खीर असतेच. तीस माणसांची खीर चार माणसांच्या ओट्यावर होत नाही. शेजाऱ्यांकडून मोठी लोखंडी शेगडी आणि एक सिलिंडर उसने आणले. स्वयंपाकघरात आधीच भट्टी झालेली. ती शेगडी मी स्वयंपाकघराच्या दारातच, बोळीत, जमिनीवर मांडली. तिथे जरा वारा लागत होता.

साडेअकरा वाजले होते. बायका पहाटे चारपासून उभ्या होत्या. भावजय खीर ढवळत होती. आतून कोणीतरी साखरेसाठी हाक मारली आणि ती उठून आत गेली. तेवढ्यात पोरे पळत आली. पुतणीचा पाय कूलरच्या वायरीत अडकला आणि ती पातेल्यावर गेली.

पुढचे चार-पाच मिनिटांचे आमचे वागणे मी आपणास सविस्तर सांगतो, कारण माझ्या मते सगळे शिकण्यासारखे त्यातच आहे. तीस माणसे होती. त्यात मी बी. ए. झालेला, भाऊ इंजिनियर, एक भाचा फार्मसीला. एकानेही पाणी घेतले नाही. "पेस्ट आना, पेस्ट!" असे आत्या ओरडली आणि मीच न्हाणीघरातून टुथपेस्ट आणून पोरीच्या हाताला फासली. कोणी हळद म्हणाले, कोणी शाई, कोणी फ्रिजमधला बर्फ. माझी बहीण पाण्याचा तांब्या घेऊन धावली तर तिला मामींनी अडवले, "पानी नोको टाकू वं, फोड येतीन!" एका पाहुण्याने तर अमुक गावी एक जण जळल्यावर फुंकर घालतो, आग शमते, तिकडे नेऊ या, असे सुचवले. बावीस प्रतिज्ञा पाठ असलेल्या घरात, पौर्णिमेच्या दिवशी!

शेजारी निवृत्त नर्सबाई राहतात. आरडाओरडा ऐकून त्या आल्या. त्यांनी कोणाला काही विचारले नाही. पोरीला उचलले, अंगातला फ्रॉक कापून काढला, हातातल्या बांगड्या आणि करदोडा काढला, न्हाणीत बसवून दुसऱ्या बहिणीला म्हणाल्या, "ड्रममधलं पाणी ओत, थांबू नको." आमच्याकडे नळ एक दिवसाआड येतो. पाहुण्यांसाठी दोनशे लिटरचा ड्रम भरून ठेवला होता. एक तांब्या, मग दुसरा, अशी वीस मिनिटे. मधेच कोणीतरी म्हणाले, "सगळा ड्रम रिकामा करता का काय?" ते कोण म्हणाले हे मी सांगणार नाही, पण आपल्याच तालुक्यात सिंभोऱ्याला अप्पर वर्धेचे एवढे मोठे धरण आहे आणि आपली बुद्धी ड्रमाच्या हिशेबात अडकते, हे मला तेव्हाही जाणवले. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले. ज्या पाण्यासाठी आपल्या आज्या-पणज्या तिष्ठत उभ्या राहिल्या, ते घरात भरून ठेवलेले होते, आणि लेकरू भाजले तेव्हा मी धावलो ते पेस्टकडे.

इकडे दुसरेच संकट उभे होते. पातेले उपडे झाले तेव्हा उतू आलेल्या खिरीने शेगडीचा जाळ विझला होता. गॅस मात्र चालूच होता. तो कोणाच्या लक्षात आला नाही. आई कोपऱ्यात बसली होती, ती म्हणाली, "वास येऊन राह्यला रे." हा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो वर जात नाही, जमिनीलगत साचतो. त्याला स्वतःला वास नसतो, गळती कळावी म्हणून मुद्दाम वासाचे द्रव्य मिसळतात. भाच्याने कूलर बंद करायला बटनाकडे हात नेला होता. नर्सबाई न्हाणीतूनच ओरडल्या, "बटनाला हात लावू नका, आधी रेग्युलेटर बंद करा, दारं उघडा!" कारण बटन लावताना आणि बंद करतानाही ठिणगी पडू शकते. ८ डिसेंबर २०२२ रोजी राजस्थानात जोधपूर जिल्ह्यातल्या भुंगरा गावी लग्नघरात गॅस सिलिंडरचा स्फोट झाला आणि तीसपेक्षा अधिक माणसे गेली. वरात निघायची होती. ती बातमी मी वाचली होती, हळहळलो होतो आणि विसरलो होतो. आपल्या बोळीत तेच सामान मांडून ठेवले आहे, हे काही डोक्यात आले नाही.

पुतणीचा उजवा हात, खांदा आणि छातीचा काही भाग भाजला. तिला अमरावतीला न्यावे लागले, नऊ दिवस दवाखान्यात होती. वाचली, चांगली आहे. तिथल्या डॉक्टरांनी भावाला सांगितले की पाणी घातले म्हणून जखम खोल गेली नाही. हातावरची पेस्ट मात्र त्यांना पुसून, घासून काढावी लागली. तेव्हाचे तिचे ओरडणे मी दाराबाहेर उभा राहून ऐकले. ती पेस्ट मी लावलेली होती.

नंतर मी डॉक्टरांना आणि नर्सबाईंना पुष्कळ विचारले. त्यातले थोडे आपणास सांगतो. बायाबापड्यांनी ध्यानात ठेवावे, आणि पुरुषांनी जास्त ठेवावे, कारण घाबरून चुकीचे आदेश आपणच देतो. खीर पाण्यापेक्षा वाईट. ती घट्ट असते, कातडीला चिकटते आणि उष्णता धरून ठेवते. लहान मुलाची कातडी मोठ्या माणसापेक्षा पातळ, त्यामुळे तेवढ्याच उष्णतेने ती लवकर आणि खोल भाजते. भाजल्यावर वरचा भाग थंड झालेला दिसला तरी आतले भाजणे चालू असते. म्हणून साधे, वाहते, थंड पाणी वीस मिनिटे. पहिल्या क्षणी घातले तर उत्तम, पण राहून गेले तर तीन तासांपर्यंतही त्याचा उपयोग होतो. बर्फ नको, त्याने कातडीला आणखी इजा होते. भिजलेले कपडे काढावेत, चिकटलेले ओढू नयेत. बाकीचे अंग चादरीने झाकून ठेवावे, कारण लहान मूल पाण्याने गारठते. नंतर धुतलेल्या स्वच्छ कापडाने सैल झाकावे. फोड फोडू नयेत. किती भाजले याचा अंदाज भाजलेल्या माणसाच्याच तळहाताने घ्यावा. बोटांसह एक तळहात म्हणजे अंगाचा सुमारे शंभरावा भाग. लेकराचे असे दहा तळहात भाजले तर सलाईनवाचून भागत नाही. तोंड, हात, पाय, सांधे किंवा लघवीची जागा भाजली तर जखम कितीही लहान असो, दवाखाना गाठावा. १०८ ला फोन करावा. गॅसची गळती असेल तर १९०६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, पण तो घराबाहेर येऊन लावावा.

मी बँकेत काउंटरवर बसतो म्हणून आणखी एक. घरगुती गॅसच्या नोंदणीकृत ग्राहकांसाठी तेल कंपन्यांनी अपघाताचा विमा काढलेला असतो. त्याचा वेगळा हप्ता आपल्याला भरावा लागत नाही. पण गॅसचा अपघात झाल्यावर आपल्या वितरकाला लगेच लेखी कळवावे लागते, आणि तेच आपण करत नाही. असो.

आता खरी गोष्ट. लेकरू दवाखान्यात आणि घरात न्यायनिवाडा सुरू. कोणी म्हणाले पोरीला नजर लागली. त्याला आईनेच गप्प केले. पण दुसरे जे चालले होते त्याला कोणीच गप्प केले नाही. "आईचं लक्ष नव्हतं लेकरावर." "पुण्याच्या सुनेला कुठं सवय चुलीपाशी बसायची." "शेगडी सोडून उठली कशी?" बारा पाहुणे होते, बाराही जणांचे एकच मत. मी तिचा भासरा. माझ्यापुढे ती बोलणार कशी? ती खाली मान घालून बोळीतली सांडलेली खीर पुसत होती. मुंग्या लागल्या होत्या. मला माहीत होते की शेगडी दारात मी मांडली आणि वायर मी टाकली. मी बोललो नाही. मीही 'जरा लक्ष ठेवायला पाहिजे होते' असे काहीसे पुटपुटलो.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा बाबासाहेबांचा ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला. आमच्या घरी तो आहे आणि त्याचे वाचनही होते. प्रत्येक घटनेला कारण असते, दैवी काही नसते, ही शिकवण आपण दुसऱ्याची अंधश्रद्धा खोडून काढायला हिरीरीने वापरतो. प्रतीत्यसमुत्पादावर मी स्वतः याच विहारात बोललो आहे. पण आपल्या घरी काही घडले की आपण कारण शोधत नाही, माणूस शोधतो, आणि तो माणूस बहुधा सून असतो. एकाला नजर दिसली आणि एकाला सून दिसली, यात फरक कितीसा?

महिनाभराने मी एका कागदावर कारणे लिहून काढली. बँकेत हिशेब जुळला नाही की आम्ही नोंद न् नोंद तपासतो, तसे. जमिनीवरची शेगडी. रस्त्यात मांडलेली शेगडी. बोळीतून गेलेली वायर. झाकण नसलेले रुंद पातेले. आईच्या बारा वाजताच्या जेवणाची घाई, जी आम्ही आठला स्वयंपाक सुरू करून टाळू शकलो असतो, किंवा तिला एक वाटी आधी वेगळी करून देऊन. पहाटेपासून पाच बायकांवर तीस माणसांचे काम आणि अंगणात मांडवाखाली गप्पा मारत बसलेले आम्ही नऊ पुरुष, ज्यांतल्या एकानेही पोरे सांभाळली नाहीत. कागदाच्या शेवटी भावजयीचे शेगडी सोडून उठणे लिहिले. तेही कारण होतेच. पण तिला हाक मारणारा आवाज माझ्या पत्नीचा होता आणि साखर हवी होती ती माझ्या चहाला.

२०२५ ची पौर्णिमा १२ मे रोजी आली. आम्ही अंगणात विटांचा कमरेइतका उंच ओटा बांधून घेतला, भोवती दोरी लावली, भाचे पाळीपाळीने पहाऱ्याला बसवले. पाण्याचा ड्रम भरून शेजारी ठेवला आणि त्याला कोणी हात लावायचा नाही असे ठरले. खिरीची जबाबदारी आम्हा पुरुषांची. खीर जरा खाली लागली, पण सगळ्यांनी खाल्ली. भाऊ मुलीला घेऊन आला. भावजय आली नाही. रजा मिळाली नाही, असे तिने कळवले. रजेची कारणे मी बँकेत बावीस वर्षे ऐकतो आहे, त्यातले खरे कोणते ते मला कळते.

त्या रात्री मी तिला फोन केला. भासऱ्याने धाकट्या भावजयीला फोन करून असे काही बोलायची आमच्याकडे रीत नाही. मी म्हणालो, ती शेगडी दारात मी मांडली होती, वायर मी टाकली होती आणि सगळे तुला बोलत होते तेव्हा मी गप्प बसलो. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ते मला त्याच दिवशी माहीत होतं, भाऊजी."

जय भीम! नमो बुद्धाय!