सकाळच्या उन्हावर भरवसा

फौजेत असताना एका उंच चौकीवर आमच्या रेडिओच्या बॅटऱ्या सोलर पॅनलवर चार्ज होत. एका सकाळी लख्ख ऊन पाहून मी जनरेटरचं डिझेल शेजारच्या चौकीला देऊन टाकलं. दुपारी ढग दाटले. रात्री रेडिओ मुका. गस्तीवरची माझी पोरं कुठे आहेत, पहाटेपर्यंत कळेना.

जपानमधल्या संशोधनाबद्दल वाचताना ती रात्र आठवली. तिथे लाखो छपरांवर पॅनल आहेत. कुठे किती वीज तयार होतेय, हे क्षणोक्षणी मोजणार कसं? हिमावारी उपग्रह २०१५ पासून दर १० मिनिटांनी ढगांची चित्रं पाठवतो. त्यावरून संशोधक जमिनीवर पोचणारं ऊन काढतात आणि त्यावरून अख्ख्या प्रदेशाची वीज. एका छपराचा अंदाज चुकेल. हजारोंच्या बेरजेत बऱ्याच चुका एकमेकींना खाऊन टाकतात.

त्याच देशात उत्तरेकडे, आओमोरीच्या मुत्सु उपसागरात, स्कॅलॉप हे थंड पाण्यातले शिंपले टांगून वाढवतात. २०१० च्या उन्हाळ्यात पाणी तापलं आणि ते प्रचंड संख्येनं मेले. तिथे समुद्रातल्या बोयांवर पाण्याचं तापमान मोजतात. आकडा चढू लागला, की मच्छीमारांनी दोर खाली, थंड पाण्यात सोडायचे. उशीर झाला, तर आकडा बरोबर असूनही पीक गेलं.

माझी पोरं सुखरूप परतली. पण ते नशीब होतं, माझी हुशारी नव्हे. अंदाज निर्णयाच्या आधी हातात हवा. जय हिंद.