उपाहारगृहे बंद पडतात तेव्हा

(ईलिंग येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आपण ग्रंथालयाच्या खोलीत बसलो आहोत आणि चहा घरून थर्मासमधून आणला आहे. ज्या छोट्या शाकाहारी उपाहारगृहाच्या मागच्या दालनात आपण इतकी वर्षे जमत होतो, ते बंद झाले. हळहळ व्यक्त करणाऱ्या ईमेल बऱ्याच आल्या. मी थोडे हिशेबाचे बोलणार आहे.

लंडनमधले ठळक उदाहरण म्हणजे स्ट्रँडवरचा इंडिया क्लब. इंडिया लीगच्या मंडळींनी तो १९५१ साली सुरू केला. कृष्ण मेनन त्यांत अग्रणी होते. भारतीय पत्रकार आणि कामगार संघटनांचे लोक तिथे जमत. स्वस्त डोसा आणि बसायला जागा, एवढ्या भांडवलावर सार्वजनिक जीवन उभे राहते. २०१८ साली जागामालकांच्या पुनर्बांधणीच्या योजनेविरुद्ध २६ हजारांवर सह्या जमल्या आणि वेस्टमिन्स्टर कौन्सिलने परवानगी नाकारली. तरीही १७ सप्टेंबर २०२३ रोजी क्लब बंद झाला. अखेरच्या दिवसांत तिथे रांगा लागल्या होत्या. गिऱ्हाईक होते, जागा राहिली नाही. मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरीतले, १९६४ साली सुरू झालेले 'समोवार'ही मार्च २०१५ मध्ये जागेच्याच वादानंतर बंद झाले.

आता आपल्याकडचा हिशेब. १२ पौंडांच्या थाळीतले २ पौंड व्हॅटचे. उरलेल्या १० पौंडांत भाडे, पगार, वीज, किराणा आणि कौन्सिलचा कर. २०२२ साली वीज-गॅसचे दर भडकले तेव्हा घरांना दरमर्यादेचे छत्र होते, व्यवसायांना नव्हते. त्यांना तात्पुरती सवलत मिळाली ती ऑक्टोबरात. एप्रिल २०२४ मध्ये परदेशातून कुशल कामगार आणण्यासाठीची सर्वसाधारण किमान पगाराची अट २६,२०० पौंडांवरून ३८,७०० वर गेली. छोट्या उपाहारगृहाने एवढ्या पगारावर आचारी कुठून आणायचा? एप्रिल २०२५ पासून मालकाने भरायचा नॅशनल इन्शुरन्स १३.८ टक्क्यांवरून १५ टक्के झाला.

इथे आपली पुरोगामी मंडळींची अडचण होते. किमान वेतन वाढलेच पाहिजे, असे आपण त्याच दालनात बसून म्हणत होतो आणि डोसा महागला म्हणून कुरकुरतही होतो. वेतनवाढीची मागणी रास्तच होती, पण तिचा आपल्या वाट्याचा भार उचलायला आपण तयार नव्हतो. एकेका चहावर आपण तीन-तीन तास बसलो. दालनाचे भाडे मालकांनी कधी मागितले नाही, आपणही कधी विचारले नाही. मीही त्यांतलाच.

आलेल्या ईमेलमध्ये आपल्या आठवणी होत्या, तिथल्या बटाटेवड्याचे कौतुक होते. आपण उठल्यावर रात्री साडेदहाला टेबले पुसणाऱ्या बाईंचे पुढे काय झाले, हे एकानेही विचारले नाही. मला त्यांचे आडनावसुद्धा माहीत नाही. श्रमिकांच्या प्रश्नांवर आपण तिथे किती भाषणे केली, ते आठवून पाहा.

म्हणून माझ्या दोन सूचना आहेत. पुढे जिथे जमू, तिथल्या जागेचे भाडे वर्गणीतून द्यावे. आणि भाडेकरार कधी संपतो, हे मालकांना आधीच विचारून ठेवावे. करार संपत आल्यावर सह्या गोळा करून फारसे साधत नाही.

आणि त्या बाईंचा पत्ता कुणाला लागला, तर मला जरूर कळवा.