उभ्या गाडीची बॅटरी

देवनहळ्ळीस बदलून आल्यावर आमची गाडी आठवडेच्या आठवडे उभीच असे. एके रात्री आमच्या सौभाग्यवतींच्या छातीत कळ आली, आणि गाडी नुसती 'टक्' करून गप्प! शेजारच्या कानडी बंधूंनी वेळ निभावली.

दोष आमचाच होता. उभ्या गाडीतही घड्याळ वगैरे थोडी थोडी वीज खातच असते. उतरलेल्या बॅटरीत शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण थर धरतात. भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, १२.४ दिसताच भरून घ्यावी. आठवड्यातून अर्धा तास विमानतळाच्या रस्त्याने फेरी मारावी. महिनाभर गावी जाताना निगेटिव्ह तार सोडवून ठेवावी. नवी घेताना बनावटीची तारीख पाहावी.

परमुलखात भाऊबंद दूर असतात. गाडीने तरी हाकेला ओ द्यावी.