मोबाईलचा नाहक खर्च कसा टाळावा?

कृषी विस्तार अधिकारी आज मोबाईलच्या पैशांवर कसा काय बोलतोय, असं तुमच्यापैकी काहींना वाटेल. त्याला कारण आहे. मागच्या रब्बीत आमच्या भागातल्या एका दादांचा गहू फुलोऱ्यात होता. आठवड्याची रात्रपाळीची लाईट. विहिरीला पाणी, मोटार ठीकठाक. दादा घरून मोबाईल स्टार्टरचा नंबर फिरवत राहिले, पण मोटार काही चालू होईना. फुलोऱ्यातली पाण्याची पाळी हुकली.

दुसऱ्या दिवशी मी बांधावर गेलो तेव्हा दादा म्हणाले, "साहेब, परवाच तर शंभर रुपये टाकले होते!" टाकले होते हे खरं, पण ते टॉकटाईम म्हणून. टॉकटाईमने सिमची मुदत वाढतेच असं नाही. मुदतीसाठी पॅक मारावा लागतो, आणि तो संपला होता. बरं, ते शंभर रुपये तरी कुठे शिल्लक होते? हे सिम आधी मुलाच्या फोनमध्ये होतं. त्यावर कधीतरी कॉलर ट्यून चालू झाली. पुढे सिम काढून स्टार्टरच्या पेटीत घातलं. ट्यूनचे पैसे मात्र कापले जातच राहिले. पैसे कापल्याचा संदेश येतो, पण पेटीतल्या सिमचे संदेश वाचणार कोण?

तेव्हा पहिली गोष्ट ही की स्टार्टरचं सिम महिन्यातून एकदा साध्या फोनमध्ये घालून संदेश वाचावेत आणि शिल्लक बघावी. काम पाच मिनिटांचं आहे.

आता या ट्यून, भविष्य, क्रिकेट, विनोद अशा जादा सेवांविषयी. एखादा फोन येतो, गाणं वाजतं, "हवं असल्यास एक दाबा" असं बाई सांगते. पोरं दाबतात. कधी पडद्यावर चौकोन उमटतो आणि तो घालवायच्या नादात आपलंच बोट 'ओके'वर पडतं. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०१३ साली असा आदेश दिला की जादा सेवा चालू करण्याआधी ग्राहकाची दोनदा संमती घ्यावी. म्हणून दुसऱ्यांदा विचारणा आली तर गप्प बसावे, काही दाबू नये. सेवा चालू झालीच असेल तर १५५२२३ हा नंबर ध्यानात ठेवा. त्यावर फोन करावा किंवा इंग्रजीत 'स्टॉप' लिहून संदेश पाठवावा. त्याला पैसे पडत नाहीत. जाहिरातींचे फोन आणि संदेश नको असतील तर १९०९ वर नोंद करावी, म्हणजे त्यांचा त्रास पुष्कळ कमी होतो.

पैसे चुकीचे कापले असे वाटले तर रिचार्जच्या दुकानदाराशी भांडून उपयोग नाही, त्याच्या हातात काही नसतं. कंपनीच्या १९८ या तक्रार नंबरवर सांगावे आणि तक्रारीचा क्रमांक मागून वहीत लिहून ठेवावा. क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नये. मी स्वतः एकदा तो घेतला नाही आणि पुन्हा पहिल्यापासून सगळी कहाणी सांगत बसलो. समाधान झाले नाही तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीकडे अपील करता येते. प्रीपेडवाल्यांनाही मागच्या सहा महिन्यांपर्यंतचा खर्चाचा तपशील मागता येतो. त्यासाठी कंपनीला ५० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाहीत.

परदेशी नंबरावरून मिस्ड कॉल आला, तर उलट फोन करू नये. आपल्या देशाचा आकडा ९१. अधिकच्या चिन्हानंतर दुसराच आकडा दिसला तर समजावे की हा फोन आपल्या पॅकात बसत नाही, वेगळे पैसे पडणार. दुबईला किंवा आणखी कुठे आपला माणूस असेल तर गोष्ट वेगळी.

आता पॅक निवडण्याविषयी थोडं. २८ दिवसांचा पॅक स्वस्त दिसतो, पण हिशोब करा. वर्षाचे महिने बारा आणि रिचार्ज तेरा! ट्रायने २०२२ साली कंपन्यांना ३० दिवसांचा एक आणि दर महिन्याला त्याच तारखेला येणारा एक, असे पॅक ठेवायला लावले आहेत. ते मागून घ्यावेत.

स्टार्टरच्या सिमला इंटरनेट लागत नसेल तर त्याचे पैसे का भरायचे? डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने नियम केला की फक्त बोलणे आणि संदेश यांचेही वेगळे पॅक कंपन्यांनी द्यावेत, आणि अशा पॅकची मुदत ३६५ दिवसांपर्यंत ठेवता येते. दुकानात सरळ "नेट नको, फक्त बोलण्याचा लांब मुदतीचा पॅक दाखवा" असे म्हणावे. घरात साधा बटणांचा फोन वापरणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनाही हाच पुरतो. घेण्याआधी आपला स्टार्टर किती संदेश पाठवतो ते बघावे. काही स्टार्टर लाईट आली-गेली की दर वेळी संदेश पाठवतात. नको असेल तर बसवणाऱ्याकडून ते बंद करून घ्यावे.

आमच्या त्या दादांनी आता स्टार्टरच्या पॅकची शेवटची तारीख खडूने पेटीच्या झाकणावर आतून लिहून ठेवली आहे.

पिकाविषयी काही विचारायचे असेल तर किसान कॉल सेंटरचा नंबर १८००-१८०-१५५१. सकाळी सहा ते रात्री दहा या वेळात मराठीतून बोलता येते आणि या फोनला पैसे पडत नाहीत.