ओंडक्यावरची धिंगरी: आधी ओळखा, मग शिजवा



पावसाने जोर धरला, की रानात पडलेल्या आंब्याच्या, सावरीच्या कुजक्या ओंडक्यावर पांढुरक्या छत्र्यांचे घोस दिसतात. ती धिंगरी अळंबी असू शकते. पण लाकडावर आली म्हणजे खाण्याजोगीच, असे समजू नका. लाकडावर जीवघेण्या जातीही उगवतात. म्हणून पुढच्या खुणा एकेक करून पाहा.

१. धिंगरीची छत्री शिंपल्यासारखी किंवा पंख्यासारखी असते. देठ आखूड, एका कडेला, कधी नसतोच.

२. छत्री उलटी करा. खालचे पातळ पडदे पांढरे किंवा मळकट पांढरे असून देठावर खाली उतरलेले दिसतात. पडदे नारिंगी किंवा तपकिरी असले, तर हात लावू नका.

३. देठाला कडे नसते, बुडाशी पिशवीही नसते.

४. छत्री कापून पडदे खाली करून काळ्या कागदावर ठेवा, वर वाडगा झाका. सकाळी पांढरी किंवा फिकट जांभळट भुकटी पडलेली दिसेल. भुकटी गंजासारखी तपकिरी पडली, तर सगळी अळंबी पुरून टाका.

एक खूण जरी चुकली, तरी ती अळंबी घरात नको. चारही जुळल्या, तरी जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय चुलीवर चढवू नका.

चांदीचे नाणे काळे पडले नाही, लसूण काळा झाला नाही, किड्यांनी खाल्ली, म्हणून ती चांगली, या समजुती खोट्या आहेत. जहाल अळंबीचे विष शिजवून किंवा वाळवून जात नाही. उलट्या-जुलाब सहा ते चोवीस तासांनी सुरू होतात. मग थोडे बरे वाटते, पण आत यकृत नासत असते. तेव्हा बरे वाटले तरी थांबू नका. रोग्याला लगेच दवाखान्यात न्या, आणि उरलेली अळंबी सोबत घ्या.

धिंगरीची गोडी असेल, तर घरीच लावा. कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करून बियाणे मिळवा. भाताचा पेंढा भिजवून, गरम पाण्यातून काढून, निथळून पिशव्यांत भरा. तीन-चार आठवड्यांत पहिली तोडणी मिळते, आणि ताटात काय वाढले याची खात्री असते.